पेटीचा मुहूर्त

कराडच्या केतकी माळवदेचा अंदाज चुकत नाही अशी तिची ख्याती होती. ख्यातीचं ओझं किती असतं, हे मात्र दसऱ्याच्या सकाळी साडेअकरा वाजेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं.

तिचा धंदा म्हणाल तर अंदाज वर्तवण्याचा. ज्योतिष नव्हे, ज्योतिषाची तर ती येता-जाता टिंगल करी. कुठली कंपनी कोणत्या महिन्यात कोणतं यंत्र जाहीर करणार, नव्या प्रणालीत काय असणार, जुनं यंत्र ती पेलेल की धापा टाकेल, आणि मुख्य म्हणजे आपण ती लगेच घ्यावी की चार दिवस दम धरावा, हे ती रोज संध्याकाळी वीस मिनिटं बोलून सांगायची. कंपन्या कितीही ताकास तूर लागू देत नसल्या, तरी बंदरावर उतरलेले सुटे भाग, नोकरभरतीच्या जाहिराती, एखाद्या साहेबाची अचानक रद्द झालेली रजा, असल्या फुटकळ गोष्टींवरून तिला त्यांच्या पोटातलं कळे. जिल्ह्यात तिचं ऐकत नाही असं घर विरळाच होतं.

यंदाचा सगळा उन्हाळा लोकांनी तिला एकच प्रश्न विचारून भंडावलं होतं. पेटीसाठी ‘निर्झर’ या प्रणालीची आठवी आवृत्ती कधी येणार, आणि आमच्या जुन्या पेटीवर ती चालणार का?

ही पेटी काय, ते सांगायला हवं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास ठोक्यांनी धावते, आणि हा ठोका जरा जास्त ढळला की सगळी यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. पूर्वी कोळशाच्या केंद्रांत शेकडो टनांची चाकं फिरत. गावात एकदम हजारो पंखे सुरू झाले तरी त्या चाकांच्या जडपणामुळे ठोका चटकन घसरत नसे. पायडल मारायचं थांबवलं तरी सायकल थोडा वेळ पळत राहते, तसंच ते. मग कोळशाची केंद्रं बंद झाली, छपराछपरांवर सौरपत्रे चढले, आणि त्या चाकांबरोबर तो जडपणाही गेला. त्याची जागा घराघरांतल्या पेट्यांनी घेतली. पेटीत एक बॅटरी आणि एक छोटा संगणक. ठोका घसरू लागला की पेटी आपल्यातली वीज बाहेर ढकलते, चढू लागला की आत ओढून घेते. एका पेटीची ताकद ती काय असणार? बाहेरचा ठोका नसेल तर तिच्यावर घरातला एक दिवाही लागत नाही. पण जिल्ह्यात अशा एक लाख नव्वद हजार पेट्या होत्या, आणि साऱ्या जिल्ह्याची वीज त्यांनी मिळून तोलून धरली होती.

प्रणाली बदलताना पेटी चार मिनिटं बंद राहते. एवढ्याने काही बिघडत नाही, कारण कोणी आज बदलतो, कोणी उद्या, कोणी सकाळी, कोणी जेवणानंतर. निदान कंपनीचं गणित तसं होतं. आणि वेळ ठरवायची ती मालकानेच. मागे एका कंपनीने लोकांच्या नकळत पेट्या बदलल्या होत्या आणि त्यावरून इतका गदारोळ झाला, की कायदाच आला: पेटी ज्याची, वेळही त्याची.

केतकीने भाकीत केलं होतं की आठवी आवृत्ती पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी जाहीर होईल आणि जुन्या पेट्यांवरही चालेल. दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या ठरल्या. त्या संध्याकाळी ती भलतीच खुशीत होती. नवी प्रणाली आली की पहिले तीन आठवडे तिच्यातल्या चुका दुसऱ्यांना शोधू द्याव्यात, हा तिचा नेहमीचा आणि शहाणपणाचा सल्ला. तो देताना तिला चेष्टा सुचली.

“आणि नाहीतरी पितृपक्षात नवं काही करत नाहीत,” ती हसत म्हणाली होती. “मग घट बसणार, तेव्हा काही हलवायचं नाही. त्यापेक्षा दसऱ्यालाच लावा. विजय मुहूर्त, दोन वाजून चौदा मिनिटं. पेटीला झेंडूची माळ घाला आणि दाबा बटण!”

मस्करीची कधी कधी कुस्करी होते म्हणतात. इथे मस्करीची रूढी झाली, आणि तीही पंचवीस दिवसांत.

*

दसऱ्याच्या सकाळी तुषारचा फोन आला. तुषार तिचा नवरा, जिल्ह्याच्या वीज-नियंत्रण कक्षात अभियंता. सणाचीही पाळी त्याच्याच वाट्याला आली होती.

“केतकी, तू दोन चौदा का सांगितलंस?”

“काय?”

“दोन चौदा. पंचांगात पाऊण तासाचा मुहूर्त असतो. तू नेमकं चौदा मिनिटं का म्हणालीस?”

“कानाला बरं वाटलं म्हणून.” ती अजून हसतच होती. “का रे?”

“मघाशी सहज बघितलं, किती पेट्यांनी वेळ लावून ठेवलीय ते. एक लाख अडतीस हजार. सगळ्या दोन चौदाला.”

केतकीच्या हातात देवघरापुढे घालायची माळ होती. ती तिने तशीच जमिनीवर ठेवली.

“बाहेरच्या लाइनवरून मी तीस-बत्तीस हजार पेट्यांची उणीव भरून काढू शकतो,” तुषार म्हणाला. “त्यापुढे नाही. ठोका घसरेल, उरलेल्या पेट्या स्वतःला तोडून घेतील आणि जिल्हा अंधारात. पुन्हा उभा करायला सहा तास. कदाचित आठ.”

“कंपनीला सांग ना, थांबवा म्हणावं!”

“त्यांना कायद्याने हात लावता येत नाही. साहेबांनी वर कळवलंय. वरून उत्तर आलं, सविस्तर अहवाल पाठवा.”

आतल्या खोलीतून अप्पांच्या यंत्राचा संथ आवाज येत होता. केतकीचे वडील अप्पा. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेले माळवदे सर. त्यांची फुप्फुसं दोन वर्षांपासून ताठरत चालली होती आणि नाकातल्या नळीतून येणाऱ्या प्राणवायूवर त्यांचा दिवस चालला होता. यंत्राच्या स्वतःच्या बॅटरीवर चाळीस मिनिटं, मग कोपऱ्यातला सिलिंडर दीड तास. दोन्ही मिळून दोन तास दहा मिनिटं होतात, हा हिशेब करायला तिला क्षणभरही लागला नाही.

“दवाखान्यात नेऊ अप्पांना?”

“दवाखान्यांनीही जनरेटर काढून पेट्याच बसवल्यात गं,” तुषारचा आवाज बसला. “आणि असे घरी यंत्रावर असलेले अकराशे पेशंट आहेत जिल्ह्यात. तू काहीतरी कर. तुझं ऐकतात.”

*

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. एकेक वाक्य ते तोडून तोडून बोलत, पण डोकं वर्गात शिकवायला उभे असल्यासारखं लख्ख होतं.

“सोपं आहे. खरं सांग. दोन चौदाला दाबू नका, का ते असं असं.”

“तुषार म्हणतो, खरं सांगितलं तर आणखी वाईट होईल. पाच वर्षांपूर्वीचं आठवतं ना? वीज जाणार अशी आवई उठली, सगळ्यांनी घाबरून एकदम बॅटऱ्या भरायला लावल्या, आणि त्या भरण्यानेच वीज गेली. शिवाय जे ऐकतील ते म्हणतील, मग आत्ताच उरकून टाकू. म्हणजे दोन चौदाच्या ऐवजी बारा चौदा!”

खरी गोम हीच होती. तिने थांबा म्हटलं तर सगळे एकदम थांबणार, करा म्हटलं तर सगळे एकदम करणार. आणि आज नेमकं तेच नको होतं. शब्दाला इतकी किंमत येऊन चालत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

“प्रत्येकाला वेगळी वेळ द्यायला हवी,” ती स्वतःशीच म्हणाली. “शंभर निरनिराळ्या वेळा. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने.”

“मग दे.”

“अप्पा, लोक म्हणतील, आम्हाला रात्री नऊ आणि शेजाऱ्याला दुपारी एक का? आम्ही आमचा मुहूर्त का सोडायचा? उगाच नाही सोडणार.” ती बोलता बोलता थांबली. “त्याहून चांगला मुहूर्त मिळाला तर सोडतील.”

अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी पलंगाची कड धरली.

“केतकी, हे करू नकोस.”

“मीटरच्या नंबरावरून प्रत्येक घराचा खास मुहूर्त. नंबर टाकला की वेळ निघेल.”

“गावोगाव फिरून मी हेच काढत होतो लोकांच्या डोक्यातून. तुला खांद्यावर घेऊन फिरलोय.” त्यांना धाप लागली. नळी सावरून ते पुन्हा म्हणाले, “माझ्यासाठी करत असशील तर नको करूस.”

“तुमच्या एकट्यासाठी नाही, अकराशे जणांसाठी.”

“आणि त्यांत मी नसतो तर?”

केतकीने संगणक पुढ्यात ओढला. खोटं बोलायला तिला आज एकच जागा पुरे होती.

*

पाऊण वाजला होता. मीटरचा नंबर टाकायचं पान तिने वीस मिनिटांत तयार केलं होतं. नंबराचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे आणि त्यावरून दुपारी एक ते रात्री सव्वानऊच्या दरम्यानची एक वेळ द्यायची, यापलीकडे त्यात काही नव्हतं. मग ती ध्वनिमुद्रकापुढे बसली. दाराशी अप्पा उभे होते, भिंतीला हात लावून, नळीची दोरी मागे फरशीवर लांबवत.

“नमस्कार. दसऱ्याच्या शुभेच्छा. मंडळी, माझ्याकडून एक चूक झाली,” ती म्हणाली, आणि हे पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून तिचा आवाज सहज लागला. “दोन चौदाचा मुहूर्त मी सरसकट सांगितला. पण जाणत्या माणसांनी माझा कान धरला. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्याला कशी चालेल? पेटी ही घराची राखणदार. प्रत्येक घराचा योग वेगळा, आणि तो त्या घराच्या मीटरच्या नंबरात असतो. तो नंबर टाका, आजचा तुमचा स्वतःचा मुहूर्त निघेल. दोन चौदाची वेळ काढून टाका आणि ती लावा. ज्यांचा मुहूर्त चुकेल त्यांच्या पेटीत वर्षभर काही ना काही खोट राहील, असं म्हणतात.”

कोण म्हणतात, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारणारही नव्हतं. शेवटचं वाक्य तिने आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं. भीती घातल्याशिवाय माल खपत नाही, ही विद्या माणसाला शिकवावी लागत नाही.

तिने वर पाहिलं तेव्हा अप्पा दारात नव्हते.

*

फोन कानाशी धरून ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. पलीकडे तुषार आकडे वाचत होता.

“एक वाजून पाच. एक लाख एकोणतीस हजार.”

“एवढेच कमी?”

“सण आहे. लोक जेवायला बसलेत.”

तिने सासरच्या, माहेरच्या, शाळेतल्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या ओळखींना निरोप धाडला. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या बहिणींना कळवलं. कोणाला एक पन्नास मिळालं, कोणाला संध्याकाळी सहा दहा. मग जावाजावांत तुलना सुरू झाली आणि ज्यांना अजून मुहूर्त नव्हता त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. दीड वाजता आकडा सत्त्याण्णव हजारांवर आला. पावणेदोनला एकाहत्तर. दोनला त्रेपन्न.

“पुरे नाही होत,” तुषार म्हणाला. “केतकी, मला काही भाग मुद्दाम तोडावे लागतील. आपला भाग त्यात येईल की नाही, मला सांगता येणार नाही.”

“सांगूच नकोस.”

ती अप्पांच्या खोलीत गेली. ते उशीला टेकून डोळे मिटून बसले होते. तिने सिलिंडर पलंगाजवळ ओढला, त्याची नळी तपासली, पुन्हा तपासली. अप्पांनी डोळे उघडले आणि एकदा तिच्याकडे, एकदा सिलिंडरकडे पाहिलं.

“दोन दहा,” तुषार. “एकेचाळीस हजार.”

“दोन बारा. सदतीस.”

“दोन तेरा. तेहतीस.” त्याच्या मागे कुणीतरी ओरडत होतं, घंटी वाजत होती. आणि मग पंख्याचा वेग मंदावला. खोलीतला दिवा पिवळट झाला. यंत्राने एक लांब सूर काढला. केतकीने सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दिवा पुन्हा पांढरा झाला. पंखा वेगात आला.

“एकोणपन्नास पॉइंट एक,” तुषारचा आवाज चिरकत होता. “एकोणपन्नास चार. सात. धरला गं. काही तोडावं नाही लागलं. धरला!”

ती पलंगाच्या काठावर बसली आणि रडली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी, मोकळी. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“या घडीला मी श्वास घेतोय तो तुझ्या थापेवर. हे मला पचवावं लागेल. तू मात्र पचवू नकोस.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निरोप उघडले तर त्यांचा पूर आला होता. काल काय टळलं याचा कोणालाच पत्ता नव्हता. दिवे जरा मंद झाले होते, एवढंच. पण पेटी आता कशी सुरळीत चालते, मुहूर्त कसा लागू पडला, याचं कौतुक मात्र उदंड. ताई, नव्या गाडीचा मुहूर्त काढून द्या. ताई, दुकानाच्या मीटरचा वेगळा असतो का? ताई, मुलीला बघायला येणार आहेत. वाचता वाचता तिला ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. त्यातल्या एका निरोपावर मात्र तिचा हात थांबला आणि तिने सरळ तो नंबर लावला.

“हां ताई, मी सुवर्णा कोळेकर बोलतीय. उंडाळ्याची. अगं बाई, तुम्ही सोता फोन केला?”

“तुमच्या सासऱ्यांच्या पायाबद्दल लिहिलंय तुम्ही.”

“व्हय. मामांचा पाय सडलाय साखरंनं. डॉक्टर म्हनत्यात अकराला घेतो आत, तास तास महत्त्वाचा हाय. पन आमच्या मीटरचा मुहूर्त संध्याकाळी सात पंचवीसचा निघाला ना काल. सासूबाई म्हनत्यात, सकाळ आपल्या घराला लाभत न्हाई. तवा मामांनी सईच करायची न्हाई म्हटलंय. तुमचा शब्द मानत्यात वो ते.”

“अकरालाच करा,” केतकी म्हणाली. “मुहूर्त बघू नका.”

“पन सात पंचवीस…”

“तो मी मनाने काढला होता. त्यात काही अर्थ नव्हता.”

मग केतकीने सगळं सांगितलं. एक लाख अडतीस हजार पेट्या, ठोका, घरोघरी यंत्रावर असलेली माणसं, तिचे अप्पा. काही लपवलं नाही.

“आमच्या शेजारची म्हातारी पन मशीनवर हाय की,” सुवर्णा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणं केतकीला जास्त लागलं. “खरं सांगितलं असतं तर मी बटनाला हात लावला नसता. धा घरं फिरून सांगून आले असते, दाबू नका म्हनून. तुम्ही आमाला इचारलंच न्हाई, ताई.”

“नाही विचारलं.”

“मग आता हे तरी खरं कशावरनं?”

एवढे अंदाज, एवढे आकडे, एवढी ख्याती, आणि एका म्हाताऱ्याने कागदावर सही करावी एवढंही त्यातून निघत नव्हतं. तिने घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी होते.

“कुठल्या दवाखान्यात आहात ते सांगा,” ती म्हणाली. “मी येते. त्यांच्यासमोर बसून सांगते, तुमच्या सासूबाईंसमोरही. मग तुम्हीच ठरवा.”

सुवर्णाने दवाखान्याचं नाव सांगितलं.